काटकसर येते आम्हाला, तुम्ही हप्त्याचा वार बदला

प्रति,
सोलापुरात आर्थिक साक्षरतेची शिबिरं भरवणाऱ्या बँका, बायकांना गटानं कर्ज देणाऱ्या कंपन्या, आणि या शिबिरांत भाषण करणारे साहेब व मॅडम यांस

स. न. वि. वि.

तुमच्या शिबिरात वाटलेली पुस्तिका मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. कागद गुळगुळीत, चित्रं छान. आत उपदेश असा की बाहेरचा चहा टाळा, हॉटेलिंग कमी करा, एक तारखेला पगार झाला की वीस टक्के आधी बाजूला काढा, महिन्याचा किराणा एकदम भरा. छापणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण ही पुस्तिका वाटली कुठं, तर अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत. इथं निम्म्या घरांत बाया विड्या वळतात आणि घरटी एक माणूस तरी यंत्रमागावर, नाहीतर शिलाईवर आहे. एक तारीख आमच्याकडं कॅलेंडरवर येते, घरात येत नाही.

मी आमच्या बचत गटाचं दप्तर लिहिते. लहानपणी आईजवळ बसून विड्या वळल्या, लग्नानंतर टॉवेलच्या कारखान्यातल्या माणसाचा पगार मोजला. दोन्हीकडचा पैसा घरात कसा येतो आणि कसा जातो हे रोज बघते, म्हणून लिहायला बसले.

माझे सासरे लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. मिलचा भोंगा झाला की घड्याळ बघायला लागायचं नाही, तशी पगाराची तारीखही कुणाला विचारायला लागायची नाही. किराणा दुकानदाराचं खातं, घरभाडं, दूधवाला, शिंपी, सगळे त्या तारखेवर चालायचे. त्या घरात महिन्याचं बजेट बसायचं, कारण महिना नावाची गोष्ट खरी होती. १९९०च्या दशकात ती मिल बंद पडली. शहरातल्या बाकीच्या मोठ्या गिरण्याही आधी-मागं गेल्या. माणसं मागावर गेली, रिक्षावर गेली, रखवालीला गेली. बायांनी विड्या वळायला सूप मांडीवर घेतलं. तुमची पुस्तिका अजून त्या जुन्या सोलापुरात आहे, साहेब.

आता इथला पैसा कसा येतो ते सांगते. विडीचा पैसा नगावर येतो. कारखान्यातून पानं, तंबाखू, धागा मिळतो आणि पंचवीसच्या कट्ट्यांत बांधून विड्या परत द्यायच्या. हजार विड्या म्हणजे चाळीस कट्टे. पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची, सकाळी पत्र्याच्या मापानं कातरायची, मग वळायला बसायचं. पान फाटकं निघालं, भोकाचं निघालं तर हजार पुरे होत नाहीत, आणि कमी पडलेलं पान बाईनं पदरचे पैसे घालून आणायचं. वर तिथं तपासणारा मूठभर विड्या बाजूला काढतो, त्या नापास. उन्हाळ्यात पान वाळून तडकतं, त्याला पाणी जास्त लागतं, आणि पाणी तर आमच्याकडं चार-पाच दिवसांनी एकदा येतं. उजनी भरलेली असो की आटलेली, नळाची पाळी तीच. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी घरातल्या बाईच्या विड्या निम्म्या. म्हणजे नळाला पाणी आलं की मजुरी बुडते. हा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा ते पुस्तिकेत नाही.

मागाचा पैसा आठवड्याला. आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी. पण माल उठला नाही, सुताचा भाव चढला, लाईट गेली, की आठवडा तीन-चार दिवसांचा होतो. मग मालकाकडून उचल घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात ती कापून उरलेलं आणायचं. उचल वाईट म्हणून सांगणं सोपं आहे. पोराला ताप आलेला असताना बिनव्याजी मिळणारा पैसा तेवढाच असतो. त्याची किंमत वेगळी चुकते, मालक बदलता येत नाही, पण ती व्याजाच्या तक्त्यात दिसत नाही.

काटकसरीचं म्हणाल तर आमच्या घरांत या, उलट तुम्हीच चार गोष्टी लिहून न्याल. कडक भाकरी सोलापूरची म्हणून लोक आता पाकिटात घेतात. मुळात ती सरपण आणि वेळ वाचवायची रीत आहे. एक दिवस चूल पेटवायची, पातळ भाकऱ्या थापून भाजून पार कडक करायच्या, आणि पुढं कित्येक दिवस डाळीत, आमटीत कुस्करून खायच्या. सोबत शेंगाची चटणी, तीही न विटणारी. आता गंमत बघा, गरिबाची म्हणून जी ज्वारी होती ती बाजारातून विकत आणावी लागते, आणि रेशनवर जानेवारी २०२३ पासून माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं ते मुख्यतः गहू-तांदूळ. त्यामुळं आमच्या गल्लीत चपाती रोजची झाली आणि मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी पाहुण्याची. माझ्या आईला तर रेशनही सुखानं मिळत नाही. पानं कातरून, वळून तिच्या बोटांच्या रेषा गेल्यात, मशीनवर अंगठा उमटत नाही.

तुम्ही म्हणता एकदम भरा, स्वस्त पडतं. तेलाचं, साखरेचं खरं आहे. दहा-दहा रुपयांनी घेतलेलं तेल महिन्याच्या शेवटी डब्यापेक्षा महाग पडतं, हे आमच्या गटातली निरक्षर बाईसुद्धा तोंडी सांगेल. पण डबा घ्यायचा तर डब्याएवढे पैसे एका दिवशी हातात लागतात. आणि सगळंच मोठं स्वस्त नसतं. शाम्पूची रुपया-दोन रुपयांची पुडी आणि मोठी बाटली यांचा मिलीलिटरवर हिशेब मांडून बघा, बऱ्याचदा पुडीच स्वस्त निघते. बायांनी ते केव्हाच ओळखलंय. फाटकी सोलापुरी चादर आमच्याकडं फेकली जात नाही. आधी मधून कापून कडा जोडतात, मग वाकळेत जाते, मग पायपुसणं होते. याहून जास्त काटकसर करायची तर खायचं कमी करायला लागेल, आणि ते बाया करतातच. शिबिरात कुणी विचारत नाही की रात्री सगळ्यात शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरतं.

तर काटकसर शिकवू नका. मुद्दा वाराचा आहे.

आमच्या गटातल्या एका घराचं सांगते. नवऱ्याचा पगार शनिवारी, तिचे विडीचे पैसेही आठवड्याच्या शेवटाला. कर्ज कंपनीची मीटिंग गुरुवारी सकाळी. गुरुवार हा आमच्या गल्लीत सगळ्यात कोरडा वार, शनिवारचं सगळं बुधवारपर्यंत संपलेलं असतं. मग ती बुधवारी रात्री शेजारच्या गल्लीत व्याजानं पैसे देणाऱ्या बाईकडं जाते. हजार रुपये घेते, शनिवारी हजार पन्नास देते. पन्नास रुपये म्हणजे तिला काही वाटत नाही, तुम्हालाही वाटणार नाहीत. पण तीन दिवसांना शेकडा पाच हा दर वर्षाचा किती होतो, हे तुमच्यातल्या एखाद्या साहेबांनी फळ्यावर मांडून दाखवावं. तुमच्या कंपनीचा दर कागदावर कितीही असो, तिला पडणारा दर हा आहे. आणि तो कशामुळं? उधळपट्टीमुळं नाही. हप्ता गुरुवारी आहे म्हणून.

मागच्या वर्षी तिनं मीटिंगला येणाऱ्या साहेबाला सांगितलं, हप्ता रविवारी करा. तो म्हणाला, रविवारी सुट्टी असते. मग सोमवारी करा म्हणाली. सोमवारी माझा दुसरा रूट आहे, म्हणाला. पोरगा चांगला होता, उन्हातान्हात मोटरसायकलवर फिरणारा, त्यालाही टार्गेट. त्याच्यावर राग नाही. पण त्याचा रूट सोयीचा व्हावा म्हणून ही बाई दर वेळी पन्नास रुपये भरते, एवढं तरी वर कुणाला माहीत असावं.

आणि हे तुमच्या मर्जीवरही नाही. रिझर्व्ह बँकेनं १४ मार्च २०२२ रोजी सूक्ष्म कर्जांसाठी जे निर्देश काढले, १ एप्रिल २०२२ पासून जे लागू झाले, त्यात लिहिलंय की परतफेड किती दिवसांनी करायची यात कर्जदाराच्या गरजेप्रमाणं लवचीकता देण्याचं धोरण प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळानं मंजूर केलेलं असलं पाहिजे. आठवडा, पंधरवडा, महिना, जे त्या घराला जमेल ते. ते धोरण तुमच्याकडं असणारच. आम्हाला कुणी दाखवलं नाही. तुमच्या पुस्तिकेत या ओळीला जागा मिळाली नाही, डुकराच्या आकाराच्या गल्ल्याला मिळाली.

त्याच निर्देशांत आणखीही आहे. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत, त्याला दिलेलं बिनतारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाईक-शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. वसुली ठरलेल्या जागी. बाई लागोपाठ दोनदा तिथं आली नाही तरच तिच्या घरी किंवा कामावर जायचं. आमच्याकडं काय होतं? एकीचा हप्ता आला नाही की बाकीच्या बायांना चटईवरून उठू देत नाहीत. विड्या तशाच, पोरं शाळेतून आलेली, आणि बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसलेल्या. शेवटी चौघी मिळून तिचे भरतात आणि पुढं महिनाभर ती चौघींना चुकवत दुसऱ्या गल्लीतून जाते. कर्जापेक्षा हे महाग पडतं.

निम्म्याच्या नियमाचंही तसंच. अर्ज भरताना उत्पन्नाचा आकडा कोण लिहितो, ते तुम्हालाही ठाऊक आहे. बाई म्हणते सात हजार, कागदावर जातात पंधरा, कारण पंधरा लिहिल्याशिवाय रक्कम बसत नाही. बायाही गप्प बसतात, कारण रक्कम हवी असते. काही जणी तर आपल्या नावावर कर्ज काढून जावेला नाहीतर शेजारणीला देतात आणि मग बुडालं की नाव यांचं खराब. शिबिरात हे शिकवा ना. कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण रिपोर्ट फुकट मागता येतो, त्यात आपल्या नावावर कुणाकुणाचं कर्ज दिसतं, तो मोबाईलवर कसा काढायचा, एवढंच एका दुपारी बसून करून दिलंत तरी गल्ली तुमचं नाव काढील.

व्याजाचंही शिकवा, पण आमच्या भाषेत. इथं व्याज शेकड्यानं बोलतात. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला छत्तीस. हे पुष्कळांना कळतं. गोंधळ होतो तो सरळ व्याजाच्या हिशेबात. पन्नास हजार घेतले, वर्षाला बारा टक्के म्हणून सांगितलं, सहा हजार व्याज आधीच मिळवून छप्पन हजारांचे बारा हप्ते पाडले. ऐकायला बारा टक्के. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या पन्नास हजारांवर लागलेलं असतं. खरा दर एकवीस-बावीसच्या घरात जातो. फ्रीज, मोबाईल, शिलाई मशीन हप्त्यावर घेताना बाया इथं फसतात. पुस्तिकेत चक्रवाढीचं एक सुंदर उदाहरण आहे, पंचवीस वर्षं दरमहा पाच हजार गुंतवण्याचं. ते वाचून आमच्या गटात हशा पिकला, म्हणजे अगदीच वाया गेलं नाही.

बँकांना थोडं वेगळं सांगायचंय. बचत आमच्याकडं होते, तुमच्याकडं येत नाही इतकंच. भिशी आहे, आमच्या तेलुगू अम्मा तिला चिट्टी म्हणतात. वीस जणींचे पाचशे म्हणजे दहा हजार, दर महिन्याला एकीला. कुणी चिठ्ठी काढतात, कुणी बोली लावतात. ज्या बाईला घाई ती नऊ हजारांवर उचलते, सोडलेले हजार बाकीच्यांत वाटले जातात. चालवणारी बाई पळाली तर सगळं गेलं, हेही माहीत असतं. तरी बाया त्यात असतात, कारण पाचशे रुपये गल्लीतच द्यायचे असतात, त्यासाठी अर्धा दिवस मोडून रांगेत उभं राहायचं नसतं. तीच गोष्ट पिग्मीची. रोज वीस-तीस रुपये दारात येऊन नेणारा माणूस हीच आमच्यासारख्या घराला बसणारी बँक. पण आमच्या भागात तो माणूस पतसंस्थेचा असतो. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. म्हणजे ज्यांचा पैसा सगळ्यात कमी, तोच सगळ्यात उघड्यावर. तुम्ही दारात येत नाही म्हणून.

खात्यातून जे परस्पर कापलं जातं त्याचंही बोलायला हवं. लाडक्या बहिणीचे पंधराशे खात्यात आले आणि काढायला गेल्यावर कमी निघाले, असं आमच्याकडं एकीला नाही, बऱ्याच जणींना झालंय. कधी शिल्लक कमी होती त्याचा दंड, कधी हप्ता परत गेला त्याचा दंड. पहिल्याला उपाय आहे. किमान शिलकीची अट नसलेलं साधं मूलभूत बचत खातं सगळ्या बँकांत असतं आणि जुनं खातं त्यात बदलून मागता येतं. काउंटरवर ते आपणहून कोण सांगतं? आणि विम्याचं तर मला राहून राहून वाईट वाटतं. ४३६ रुपयांत वर्षभराचा दोन लाखांचा जीवन विमा आणि २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा, या सरकारच्या योजना खऱ्या कामाच्या आहेत. त्याचे पैसे कापतात मेच्या अखेरीस. तेव्हा उन्हाळ्यानं विड्या कमी झालेल्या, लग्नसराईचे आहेर झालेले, आणि दारात जून, म्हणजे वह्या, गणवेश, फी, गळणारा पत्रा. खात्यात ४३६ नसतात. कापले जात नाहीत, विमा संपतो, आणि घरच्यांना ते कळतं माणूस गेल्यावर. मेच्या मध्यावर एक फोन, एक निरोप, बँकेच्या वतीनं वस्तीत काम करणाऱ्या बँक मित्राची एक फेरी. एवढं एक शिबिर कमी घेऊन करता येईल.

शाळा सुरू होण्याच्या काळात, श्रावणात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत आमच्याकडं खर्च वाढतो हे सोलापुरात नवीन आलेल्या माणसालाही महिनाभरात समजतं. हप्त्याच्या तक्त्यात जूनचा हप्ता हलका आणि दिवाळीनंतरचा जड असं करायला काय अडचण आहे? २०२० मध्ये सगळं बंद होतं तेव्हा मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढं ढकलायची सोय झाली होतीच. तेव्हा व्याज चालू राहिलं, आणि ते चालू राहणार हे बायांना नंतर समजलं, हा भाग वेगळा. पण तक्ता हलू शकतो हे तेव्हा दिसलं.

शेवटी कार्डाचं. कर्जाच्या कार्डावरच्या नोंदी कर्जदाराला समजेल अशा भाषेत असाव्यात, हेही रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय. कर्जासोबत विमा किंवा दुसरं काही विकलं असेल तर ते संमतीनं, आणि त्याचे पैसे कार्डावर स्पष्ट. आमच्या गल्लीत तेलुगू बोलणाऱ्या अम्मा आहेत, कन्नड बोलणाऱ्या अक्का आहेत, उर्दू वाचणाऱ्या खाला आहेत. माझ्याकडं वाचायला येणारी बरीच कार्डं इंग्रजीत असतात. 'प्रोसेसिंग फी' आणि 'इन्शुरन्स' हे दोन शब्द वाचून दाखवले की विचारतात, हे आम्ही कधी घेतलं?

तक्रार करायची वेळ आली तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा नंबर आहे, तो मी गटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलाय. तिथवर जायची हौस नाही. त्याआधी म्हणून हे पत्र.

हप्त्याचा वार बदलून मिळावा म्हणून आमच्या गटातल्या बायांनी अर्ज लिहून ठेवलेत, प्रत्येकीनं आपला पगाराचा वार त्यात टाकलाय. ते न्यायला कुणाला पाठवताय तेवढं कळवा. सकाळी अकराच्या आत पाठवू नका, तेव्हा बाया विड्या द्यायला कारखान्यात गेलेल्या असतात.

कळावे,
आपली नम्र,
बचत गटाचं दप्तर लिहिणारी
सोलापूर